वायफायच्या बदल्यात शिक्काच हवाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेचं वायफाय देताना पोरांच्या फोनमध्ये जे सर्टिफिकेट टाकलं जातं, त्याबद्दल हे पत्र आहे. ते लांबलं आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या नोकरीच्या आठवणींना लावा, पण फोनमधल्या सर्टिफिकेटचा भाग तेवढा राहू द्या. आणि कृपया नाव छापू नका. माझी नात अजून त्याच अभ्यासिकेत बसते.

झालं ते असं. गेल्या महिन्यात लाइट बिल भरायची शेवटची तारीख होती आणि माझा फोन बिटकोजवळच्या दुकानात दुरुस्तीला पडला होता. म्हणून नातीचा मागून घेतला. ती सिन्नरची, मुलीची मुलगी, एमपीएससीच्या तयारीसाठी आमच्याकडे जेलरोडला राहते. सकाळी आठला डबा घेऊन निघते ती रात्री जेवायलाच उगवते. फोन हातात घेतला, नेट आहे का बघायला वरचा पडदा खाली ओढला, तर अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: नेटवर्कचं परीक्षण केलं जाऊ शकतं. पोरीने फोन मराठीत ठेवला आहे म्हणून ती वाचली तरी. इंग्रजीत असती तर कंपनीची जाहिरात समजून पुढे गेलो असतो.

मी पस्तीस वर्षं नाशिकरोडच्या, मुद्रांक आणि पासपोर्ट छापणाऱ्या सिक्युरिटी प्रेसमध्ये काढली. बारीक अक्षर दिसलं की थांबायचं, ही खोड तिथली. नातीला विचारलं तर म्हणाली, “आजोबा, ते तसंच असतं. अभ्यासिकेचं वायफाय घेतलं तेव्हापासून येतंय. सगळ्यांच्याच फोनमध्ये आहे.” सगळ्यांच्याच आहे, हे ऐकून तर मी बिल भरलंच नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून दंडासकट भरलं. हिने त्यावरून दोन दिवस ऐकवलं, तो भाग सोडा.

रविवारी नातीला शेजारी बसवलं, तिच्या परवानगीने फोन उघडला आणि भिंग घेऊन बसलो. सेटिंग्जमध्ये सुरक्षा, तिच्या आत अधिक सुरक्षा, तिच्या आत ‘एन्क्रिप्शन आणि क्रेडेन्शियल’, आणि त्याच्याही आत ‘विश्वसनीय क्रेडेन्शियल’. फोन कुठल्या कंपनीचा आहे त्याप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण सेटिंग्जच्या शोधाच्या पट्टीत ‘क्रेडेन्शियल’ टाकलं की रस्ता सापडतो. मराठी करणाऱ्याला ‘दाखला’ हा शब्द का सुचला नसेल, मला कळत नाही. तलाठ्याकडून उताऱ्याबरोबर दाखला आणणाऱ्या माणसाला तो पटकन कळला असता. सर्टिफिकेटला मी इथून पुढे दाखलाच म्हणणार आहे.

तिथे दोन कप्पे असतात, एक सिस्टमचा आणि एक वापरकर्त्याचा. सिस्टमच्या कप्प्यात फोन बनवणाऱ्यांनी आधीच भरून दिलेली नावं असतात. मी ती मोजली. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकशे तीसच्या वर भरली. अमेरिकेतल्या, जपानमधल्या, जर्मनीतल्या, तैवानमधल्या संस्था आहेत. एमसाइन नावाची एक आहे, ती बेंगळुरूच्या ई-मुद्रा कंपनीची. मुद्रा हा शब्द त्या यादीत बघून जरा बरं वाटलं. या सगळ्या संस्थांचं काम एकच, वेबसाइटला ‘तू तूच आहेस’ असा दाखला द्यायचा. तुम्ही बँकेची साइट उघडली की ती आपला दाखला पुढे करते. फोन त्यावरची सही बघतो. ती यादीतल्या कुणाची, किंवा यादीतल्याने ज्याला अधिकार दिला त्याची असली, तर गुपचूप आत सोडतो. नसली तर पडदाभर इशारा देतो की हे कनेक्शन खासगी नाही. रोज शंभर वेळा हे होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

दुसरा कप्पा वापरकर्त्याचा. साध्या माणसाच्या फोनमध्ये तो रिकामा असतो. नातीच्या फोनमध्ये एक नाव होतं.

त्यावर बोट ठेवल्यावर माहिती उघडली. कुणाला दिला: वायफायवरच्या नको त्या साइट गाळणाऱ्या यंत्राच्या कंपनीचं नाव. कोणी दिला: तेच नाव. म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा दाखला आपणच लिहायचा आणि खाली सहीही आपणच ठोकायची. इथे कुणी जाणकार म्हणेल की यादीतल्या मोठ्या संस्थांच्या मूळ दाखल्यावरही त्यांची स्वतःचीच सही असते. बरोबर आहे. प्रेसच्या शिक्क्यावर तरी वरून कोण शिक्का मारतो? पण त्या संस्थांची दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी होते, आणि गैर आढळलं तर गूगल, अ‍ॅपल, मोझिलासारखे ब्राउझर बनवणारे त्यांचं नाव यादीतून उडवतात. अभ्यासिकेतल्या या यंत्राची, या पेटीची, तपासणी कोणी केली होती?

त्याच्या खालची ओळ मुदतीची. २०२४ पासून २०३४ पर्यंत.

ती ओळ माझ्या डोक्यातून गेली नाही. वेबसाइटला मिळणारा दाखला २०२० च्या सप्टेंबरपासून ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा चालेना. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये दाखले देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंडळाने ठरवलं की ही मुदत टप्प्याटप्प्याने खाली आणायची आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवसांवर ठेवायची. का, तर दाखल्यामागची गुप्त आकड्यांची चावी चोरीला गेली तर नुकसान थोडक्यात आटपावं. यादीतल्या मूळ दाखल्यांची मुदत वीस-पंचवीस वर्षांची असते हेही मी बघितलं, पण त्यांच्या चाव्या कडीकुलुपात, पहाऱ्यात असतात. आमची नात पुढच्या वर्षी पास होवो न होवो, अभ्यासिका सोडेल. तहसीलदार होईल, लग्न होईल. त्या अभ्यासिकेच्या पेटीचा दाखला मात्र तिच्या फोनमध्ये तसाच राहील, फोन टाकेपर्यंत.

पेटी करते काय, ते सांगतो. नात ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडते. मधली पेटी त्या साइटशी स्वतः बोलते, आणि नातीपुढे त्या साइटच्या नावाचा, जागच्या जागी तयार केलेला दाखला धरते. सही पेटीची. फोन यादी बघतो, पेटीचं नाव दुसऱ्या कप्प्यात आहेच, म्हणतो या. रजिस्टर पत्राचं लाखेचं सील वाटेत फोडावं, आतलं वाचावं, पुन्हा लाख लावून तसाच शिक्का उठवावा आणि घरी आणून द्यावं, तसं हे आहे. सील अखंड दिसतं, कारण शिक्का आपणच त्याच्या हातात दिलेला असतो.

उगाच घाबरवायचं नाही म्हणून हेही लिहितो. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, अ‍ॅप हे दुसऱ्या कप्प्यातले दाखले आपणहून मानत नाहीत. त्यामुळे बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप अशा पेटीपुढे सहसा अडून बसतात. नात म्हणाली, अभ्यासिकेत चहाचे पैसे द्यायला सगळी मुलं वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करतात. त्यांची समजूत अशी की वायफाय स्लो आहे. खरं तर ते अ‍ॅप आपलं काम चोख करत असतं, चुकीच्या शिक्क्याचं पत्र घ्यायला नकार देत असतं. पण क्रोम घेतो. आणि परीक्षेचे फॉर्म, मेल, नेटबँकिंग, पोरं हे सगळं क्रोममधूनच करतात. पेटी नीट लावली तर बँकांच्या साइट तिच्यातून वगळता येतात. त्या वगळल्या आहेत का, एवढंच विचारायला मी सिटीलिंकची बस पकडून तिकडे गेलो.

कॉलेज रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात एक पोर मान खाली घालून. दारातल्या टेबलावर पंचविशीचा मुलगा. “या ना काका.” मी विचारलं, हे फोनमध्ये काय टाकता? “ते वायफायचं सेटिंग आहे. पोरं रील बघत बसतात, पालकांच्या तक्रारी येतात, म्हणून फिल्टर. हे टाकल्याशिवाय फिल्टर चालत नाही.” बँकेच्या साइट वगळल्या आहेत का? “ते वायफायवाल्याला माहिती.” तो कुठे असतो? “आता पुण्याला असतो. तिकडून बसल्या बसल्या करतो सगळं.” मग पेटी कुठे आहे?

पेटी त्याच्या पायाशी, पाण्याच्या जारला टेकून ठेवलेली. निळा दिवा लुकलुकत होता. वर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी, त्यावर अ‍ॅडमिन आणि खाली पासवर्ड. तो मी उभ्या जागेवरून वाचला. अभ्यासिकेचं नाव आणि पुढे एक, दोन, तीन. जारमधून पाणी घ्यायला वाकणाऱ्या प्रत्येक पोराने तो वाचला असणार.

मी तिथे असतानाच एका मुलीचं नवीन ॲडमिशन झालं. त्याने पैसे मोजून घेतले, पावती फाडली, म्हणाला, “फोन दे, सेटिंग करून देतो.” फाइल उतरवली, सेटिंग्जमध्ये गेला, दाखला टाकायच्या जागी पोचला. तिथे फोन थांबवतो. पानभर इशारा देतो की तुमचा डेटा खासगी राहणार नाही, हा दाखला ज्याचा आहे त्याला तुम्ही उघडलेल्या साइट आणि तिथे लिहिलेले पासवर्डसुद्धा दिसू शकतील. खाली दोन बटणं, ‘इंस्टॉल करू नका’ आणि ‘तरीही इंस्टॉल करा’. या मुलाने मान वर न करता अंगठ्याने दुसरं बटण दाबलं. कंडक्टर तिकीट टिचकवतो त्या सफाईने. मुलगी तोवर कुठला खण मिळणार ते बघत होती. तिला परत मिळालेला फोन दिसायला तोच होता.

मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. त्याला खरोखर वाटत होतं की हे वायफायचं सेटिंग आहे. मी म्हटलं, अरे, नुसतं इन्स्टाग्राम बंद करायचं तर त्या साइटचा पत्ता अडवला तरी भागतं, पाकीट फोडून आतलं वाचायची गरज नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पत्ता अडवायला कुणाच्याही फोनमध्ये काहीही टाकावं लागत नाही.

आता नोकरीच्या आठवणी, कात्री इथे चालवा. आमची प्रेस शंभरी ओलांडलेली. टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट तिथलेच. तिथे खराब झालेला कागदसुद्धा मोजून जमा करावा लागायचा. हिशेब जुळेपर्यंत कोणी गेटच्या दिशेने बघत नसे. बाहेरच्यांना तो छळ वाटायचा, आम्हालाही सुरुवातीला वाटायचा. पण छापलेल्या कागदाला किंमत येते ती ‘हा तिथूनच आला’ या भरवशामुळे, आणि तो भरवसा मोजणीवर उभा असतो. आता तिथे ई-पासपोर्टही तयार होतात. त्यातल्या चिपमधल्या माहितीवर डिजिटल सही असते, आणि परदेशातला विमानतळ ती सही आपल्या देशाच्या दाखल्याशी ताडून बघतो. म्हणजे फोनमधली ती यादी आणि पासपोर्ट, दोघांचं घराणं एकच. निवृत्तीनंतर हे कळलं तेव्हा मी नव्या पोरांचा हेवा केला.

तेलगी प्रकरणाच्या वेळी तर नाशिकरोडवर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. लोक अजून म्हणतात, बनावट मुद्रांक. पण माझ्या मते त्यातली खरी मेख वेगळी होती. त्या माणसाकडे १९९४ साली मिळालेला मुद्रांक विक्रीचा परवाना होता, आणि तो अस्सल होता. अस्सल परवान्याच्या आडून बनावट माल. फोनच्या यादीतही हे घडलेलं आहे. डिजिनोटार नावाची नेदरलँड्समधली दाखले देणारी कंपनी होती, रीतसर यादीतली. २०११ मध्ये तिच्या यंत्रणेत कुणी घुसलं आणि गूगलच्या नावाचे दाखले काढले. ते वापरून इराणमधल्या लोकांची मेल वाचली गेली. फोन आणि संगणक निमूट म्हणत होते, सही बरोबर आहे. ब्राउझरवाल्यांनी कंपनीचं नाव यादीतून काढलं आणि त्याच सप्टेंबरात तिचं दिवाळं वाजलं. आपल्याकडेही २०१४ च्या जुलैमध्ये एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या अधिकाराखालून गूगलच्या नावाचे अनधिकृत दाखले निघाल्याचं उघडकीला आलं होतं आणि ते रद्द करावे लागले होते.

मग कझाकस्तान. तिथे २०१९ मध्ये सरकारनेच लोकांना सांगितलं की अमुक दाखला फोनमध्ये टाका, नाहीतर साइट उघडायला अडचण येईल. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि अ‍ॅपल यांनी तो दाखला आपापल्या ब्राउझरमध्ये सरळ नाकारला. एका देशाच्या सरकारला जे करू दिलं नाही, ते आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा चहा पिता पिता करतो आहे.

पण म्हणून दुसऱ्या कप्प्यात काही दिसलं की पुसून टाका, असं मी म्हणणार नाही. माझा धाकटा अंबडच्या एका कंपनीत आहे. माझ्या अंगात हे वारं शिरल्यावर मी त्याचाही फोन तपासायला घेतला, तो अंघोळीला गेला होता तेवढ्यात. (नातीची परवानगी घेतली, मुलाची नाही. वय झालं की असे भेद होतात.) तिथे ‘क्रेडेन्शियल साफ करा’ असं एक बटण आहे. मी दाबलं. सोमवारी सकाळी तो कंपनीत पोचला तर त्याला तिथलं वायफाय आत घेईना. त्या दाखल्यावरच कंपनी त्याला ओळखत होती. आयटीवाल्यांकडे तासभर उभं राहून नवीन घ्यावा लागला. घरी आल्यावर तो काय बोलला ते इथे लिहीत नाही. एक खरं, कंपनीने त्याला नोकरीवर घेताना कागदावर लिहून सही घेतली होती की कामाच्या फोनमध्ये आम्ही हे हे ठेवू. तिथे फसवणूक नव्हती. तेव्हा ते सगळं साफ करणारं बटण विसरा. एकेका नावावर बोट ठेवा, कुणाचं ते बघा, नको असेल तर तिथेच खाली काढून टाकायचा पर्याय येतो.

आणि सिस्टमच्या कप्प्यातली नावं बंद करत सुटू नका. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, परदेशी नावं बंद करा. एकाने केली. निम्म्या साइट उघडेनात, दोन दिवस तो कंपनीला शिव्या देत होता.

हिच्या फोनमध्ये तर दुसऱ्या कप्प्यातलं एक नाव मी स्वतः टाकलेलं आहे. फोन जुना, अँड्रॉइड सहा. तो बदलायचा नाही हा तिचा हट्ट. २०२४ च्या शेवटाकडे तिच्या आवडीच्या रेसिपीच्या साइट एकेक करून उघडेनाशा झाल्या. दुकानदार म्हणाला व्हायरस. व्हायरस नव्हता. लेट्स एन्क्रिप्ट म्हणून फुकट दाखले देणारी एक ना-नफा संस्था आहे, असंख्य साइट तिच्या दाखल्यावर चालतात. तिचा मूळ दाखला अँड्रॉइडच्या ७.१.१ या आवृत्तीपासूनच यादीत आला. जुन्या फोनसाठी दुसऱ्या संस्थेच्या सहीचा एक टेकू दिलेला होता, तो २०२४ च्या ३० सप्टेंबरला संपला. मग मी संगणकावर त्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून मूळ दाखला घेतला, हिच्या फोनमध्ये टाकला. टाकण्याआधी दाखल्याचा ठसा म्हणून जो लांबलचक आकडा असतो तो ताडून पाहिला. नात संगणकावरून वाचत होती, मी फोनवर भिंग धरून हो म्हणत होतो, चौसष्ट अक्षरं. मुद्रांकांचे नंबर तपासल्यासारखं वाटलं, फार वर्षांनी. म्हणजे दाखला टाकणं हे पाप नाही. कुणाचा, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे टाकणाऱ्याला माहीत पाहिजे.

आयफोनवाल्यांचं थोडक्यात: सेटिंग्ज, जनरल, त्यात व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट. तिथे न ओळखीची प्रोफाइल दिसली तर चौकशी करा आणि काढा. तिथे दाखला नुसता टाकून भागत नाही, जनरलमधल्या अबाउटमध्ये तळाला जाऊन त्याच्यावर विश्वास ठेवल्याचं वेगळं बटण सरकवावं लागतं. माझ्या मुलीच्या फोनमध्ये काही नव्हतं.

माझं म्हणणं अभ्यासिका बंद करा असं मुळीच नाही. गावाकडच्या पोरांना दुसरं बसायला ठिकाण कुठे आहे? पण अभ्यासिका असो, होस्टेल असो, क्लास असो, ज्याला दुसऱ्याच्या फोनमध्ये दाखला टाकायचा आहे त्याने तो टाकण्याआधी एका पानावर मराठीत लिहून द्यावं: हा काय आहे, याची चावी कोणाकडे आहे, काय काय वाचलं जाऊ शकतं, कुठल्या साइट वगळल्या आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्यात संमती मागताना सूचना द्यावी, आणि ती आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय ठेवावा असं म्हटलं आहे. मराठी त्यात आहे. आणि पोरगं अभ्यासिका सोडतं तेव्हा डिपॉझिट परत देताना, त्याच टेबलावर, त्याच्यासमोर दाखला काढून द्यावा. कपाटाची किल्ली परत घेता ना? मग आपलीही वस्तू परत घ्या.

दुसरी गोष्ट महापालिकेसाठी आणि पोलिसांसाठी. सिंहस्थ आला. रामकुंडापासून तपोवनापर्यंत माणसांचा पूर येणार, आणि लॉजवाले, दुकानदार, कोण कोण फुकट वायफायच्या पाट्या लावणार. आत्तापासून मराठी आणि हिंदीत एक ओळ सगळीकडे रंगवून ठेवावी की फुकट वायफायसाठी फोनमध्ये कोणतंही सर्टिफिकेट किंवा फाइल टाकावी लागत नाही, मागितली तर देऊ नका. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, पण त्या नंबरापर्यंत वेळ येण्याआधीची ही ओळ आहे.

नातीच्या फोनमधला दाखला आम्ही त्याच रविवारी काढला. ती आता तिथे बसते, पण वायफाय वापरत नाही. डेटा पॅकचे पैसे माझ्याकडून घेते. मी त्या मुलाला, त्यानेच मागितलं म्हणून, दाखला कसा काढायचा ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. परवा नातीने त्याचा फोटो काढून आणला. कागद लावला आहे खरा, पाण्याच्या जारच्या वर, नीट चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून. फोटोच्या खालच्या कडेला पेटी दिसते. पासवर्डची चिठ्ठी अजून तिथेच आहे.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेलरोड, नाशिकरोड